मणक्याचा मुकदमा

कंबर धरली, मान अवघडली, उसण भरली की मराठी माणूस काय काय करून पाहतो याची यादी लांबलचक आहे. विटेचा शेक, निर्गुडीचा पाला, महानारायण तेल, शेजारच्या गावचा हाडवैद्य. आणि कशानेच भागले नाही तर एखादा पायाळू माणूस गाठून त्याचा पाय कमरेला लावून घ्यायचा. अलीकडे या यादीत मोबाइलवरचे व्हिडिओ आले आहेत. पालथा झोपलेला पेशंट, त्याच्या पाठीवर रोवलेले दोन तळवे, एक झटका, कडकड असा आवाज, आणि मग पेशंटचे सुटकेचे हसू. न्यू जर्सी किंवा टेक्ससमध्ये राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांच्या बोलण्यात 'कायरोप्रॅक्टर' हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तिथे पुष्कळदा इन्शुरन्स त्याचे पैसे देतो, नावामागे 'डॉक्टर' लागते, दवाखान्यात मणक्याचे प्लास्टिकचे मॉडेल टांगलेले असते. तरीही त्याच गावातल्या एखाद्या हाडांच्या सर्जनपुढे त्याचा विषय काढावा, तर तो हसून दुसरेच बोलू लागतो. हे अवघडलेपण कुठून आले, आणि आज ते कितपत उरले आहे, हा पुढल्या पानांचा विषय आहे.

वाचकाने आत शिरण्यापूर्वी माझे मत सांगून टाकतो. कायरोप्रॅक्टिक प्रयोगशाळेने वाचवले नाही की बुडवलेही नाही. त्याचे बरेवाईट जे झाले ते कोर्टात, कायदेमंडळात आणि बिलांच्या हिशेबात. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपण म्हणतो, पण हा व्यवसाय जगला तो कोर्टाची पायरी चढल्यामुळेच. आणि तिथे टिकाव लागावा म्हणून त्याने जो सिद्धान्त पुढे केला, तोच पुढे त्याच्या गळ्यातले लोढणे झाला.

सुरुवातीची कथा अनेकांनी अनेक प्रकारे सांगितली आहे. आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी डॅव्हनपोर्ट नावाचे गाव आहे. डॅनियल डेव्हिड पामर तिथे 'मॅग्नेटिक हीलर' म्हणून, म्हणजे हाताच्या चुंबकशक्तीने रोग काढणारा म्हणून, बस्तान मांडून होता. जन्म कॅनडातला, १८४५चा. मास्तरकी, मधमाश्या, किराणा असे बरेच उद्योग करून तो या धंद्यात आला होता. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याने हार्वी लिलार्ड या कृष्णवर्णीय सफाई कामगाराच्या पाठीतला एक मणका दाबून 'जागेवर' बसवला आणि सतरा वर्षे बहिरा असलेला लिलार्ड ऐकू लागला, असे पामर सांगे. लिलार्डच्या मुलीने नंतर सांगितलेली हकीकत जास्त गमतीची आहे. कुणीतरी विनोद सांगत होते, पामरला हसू अनावर झाले, आणि त्याने हातातल्या जाडजूड पुस्तकासकट लिलार्डच्या पाठीवर थाप मारली. काही दिवसांनी लिलार्ड म्हणाला, मला जरा बरे ऐकू येतेय. श्रवणाची नस मेंदूच्या बुंध्यातून थेट कानाकडे जाते, पाठीच्या कण्याशी तिचा संबंध येत नाही, हा डॉक्टरांचा आक्षेप दोन्ही हकिकतींना सारखाच लागू आहे.

पामरने यातून रोगशास्त्र उभे केले. मणका किंचित सरकतो, त्याने नस दाबली जाते, आणि नसेतून वाहणाऱ्या जन्मजात प्रज्ञेला अडथळा झाला की रोग होतो. या सरकण्याला त्याने 'सब्लक्सेशन' म्हटले. वैद्यकात याच शब्दाचा अर्थ सांधा अर्धवट निखळणे असा आहे आणि ते एक्सरेत दिसते. पामरचे सब्लक्सेशन ते नव्हे. शंभरातले ९५ रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात असे त्याने लिहून ठेवले. उरलेले पाचही त्याने मोकळे सोडले नाहीत, ते इतर सांधे सरकल्यामुळे होतात म्हणाला. १९१०च्या ग्रंथात तर या विद्येचे श्रेय त्याने जिम अ‍ॅटकिन्सन नावाच्या एका डॉक्टरला दिले. हा डॉक्टर मरून पन्नासेक वर्षे झाली होती, पण पामरशी त्याचे बोलणे होत असे.

याला हसण्याआधी त्या काळातला दवाखाना डोळ्यांपुढे आणावा. पाऱ्याची औषधे आणि अफू सर्रास दिली जात. अमेरिकेतली कित्येक वैद्यकीय महाविद्यालये नावापुरतीच होती. अब्राहम फ्लेक्सनरने त्यांची लक्तरे वेशीवर टांगली ती १९१०मध्ये. पामरकडे जाणारा पेशंट निदान विष पिऊन तरी घरी येत नव्हता. त्यात पाठदुखीवर डॉक्टरांकडे तेव्हा फारसे काही नव्हते. खरे सांगायचे तर आजही भरवशाचे असे थोडेच आहे. जिथे शास्त्राचा हात तोकडा पडतो तिथेच दुसऱ्या कुणाचे तरी दुकान चालते. या इतिहासाची अर्धी किल्ली इथे आहे.

१९०६मध्ये पामरला परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल शिक्षा झाली. दंड भरायचा नाही म्हणून तो आधी तुरुंगात गेला, काही दिवसांनी कंटाळून दंड भरून बाहेर आला. त्याने काढलेली कायरोप्रॅक्टिकची शाळा मुलाच्या, बी. जे. पामरच्या हाती गेली. बापलेकांचे पुढे इतके बिनसले की १९१३मध्ये बाप वारला तेव्हा मुलाने त्याच्या अंगावर मोटार घातली होती अशी बोलवा उठली. मृत्यूच्या दाखल्यावर विषमज्वर लिहिले आहे आणि आरोप सिद्ध झाला नाही. बी. जे. हा विक्रीकलेतला अवलिया होता. १९२२मध्ये त्याने डब्ल्यूओसी हे रेडिओ केंद्र विकत घेतले (रोनाल्ड रीगन यांना निवेदकाची पहिली नोकरी दहा वर्षांनी याच केंद्रावर लागली). १९२४मध्ये त्याने पाठीवर फिरवून उष्णता मोजणारे 'न्यूरोकॅलोमीटर' काढले आणि ते न विकता भरमसाट भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याचेच अनेक शिष्य त्याला सोडून गेले.

पण बी. जे.च्या पुढच्या सगळ्या कारभारापेक्षा मला १९०७चा एक लहानसा खटला महत्त्वाचा वाटतो. विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावी मोरिकुबो नावाच्या जपानी कायरोप्रॅक्टरवर परवान्याशिवाय ऑस्टिओपथी केल्याचा आरोप होता. ऑस्टिओपथी ही थोरली बहीण. अ‍ॅन्ड्र्यू टेलर स्टिल यांनी मिसूरीतल्या कर्क्सव्हिल इथे १८९२मध्ये तिची शाळा काढली होती, आणि तीही हातानेच हाडे-सांधे हाताळी. दोघांचे हात जवळजवळ सारखेच चालत असतील तर बचाव काय करायचा? टॉम मॉरिस या वकिलाने युक्तिवाद केला तो असा: हातांकडे पाहू नका, विचाराकडे पाहा. ऑस्टिओपथी रक्तप्रवाह सुधारू पाहते, आम्ही नस मोकळी करतो. आमचे तत्त्वज्ञान वेगळे, म्हणून आमचा व्यवसायही वेगळा. ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आत मोरिकुबोला निर्दोष सोडले.

त्या दिवसापासून 'आमचे तत्त्वज्ञान वेगळे' हे वाक्य कायरोप्रॅक्टिकचे चिलखत झाले. पुढच्या काही दशकांत शेकडो कायरोप्रॅक्टर तुरुंगात गेले. कित्येक जण तर दंड भरण्याऐवजी कोठडी पत्करत आणि सुटल्यावर पेशंट त्यांची मिरवणूक काढत. कॅन्ससने १९१३मध्ये पहिला परवाना कायदा केला, लुइझियानाने १९७४मध्ये शेवटचा. प्रत्येक राज्यात कायदेमंडळाला पटवायचे ते हेच की आम्ही वैद्यक करत नाही, दुसरेच काही करतो. त्यामुळे सब्लक्सेशनवर शंका घेणे म्हणजे घराच्या पायावर पहार घालणे ठरले. व्यवसायात दोन तट पडले. 'स्ट्रेट' म्हणजे फक्त मणका बसवणारे सोवळे, आणि 'मिक्सर' म्हणजे शेक, व्यायाम, आहार असे सगळे मिसळणारे. ते भांडण अजून मिटलेले नाही. थोरल्या बहिणीने मात्र दुसरी वाट धरली. ऑस्टिओपाथ हळूहळू औषधे आणि शस्त्रक्रिया शिकले. १९६२मध्ये कॅलिफोर्नियात तर ६५ डॉलर भरून आपली पदवी एम.डी.मध्ये बदलून घेण्याची सोय झाली. आज अमेरिकेतला डी.ओ. पदवीधर हा पूर्ण डॉक्टर असतो आणि स्टिल यांच्या मूळ कल्पनांशी त्याचा संबंध बहुधा वार्षिक समारंभापुरताच येतो.

आता डॉक्टरांची बाजू. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३मध्ये 'कमिटी ऑन क्वॅकरी' नेमली. नावावरून वाटेल की सगळ्या भोंदूगिरीचा बंदोबस्त करायचा होता, पण आतल्या कागदांत उद्दिष्ट स्वच्छ लिहिलेले होते: कायरोप्रॅक्टिकला आधी आवर घालायचा आणि शेवटी ते नाहीसे करायचे. १९६६मध्ये असोसिएशनने त्याला अशास्त्रीय पंथ ठरवले. तिच्या आचारसंहितेत अशास्त्रीय चिकित्सकांशी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत असे कलम होतेच. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की डॉक्टरने कायरोप्रॅक्टरकडे पेशंट पाठवायचा नाही, त्याच्याकडून आलेला घ्यायचा नाही, त्याच्या कॉलेजात शिकवायचे नाही. इस्पितळाने त्याच्या पेशंटचा एक्सरे काढून द्यायचा नाही. चुलत्या-पुतण्याने बांधावरून वाळीत टाकावे तसा हा प्रकार होता. आणि वाळीत टाकणाऱ्यांचा राग अगदी निराधारही नव्हता. मधुमेह, कर्करोग, संसर्गजन्य रोग मणका दाबून बरे करतो म्हणणारे कायरोप्रॅक्टर तेव्हा खरोखरच होते आणि त्यांच्या जाहिराती छापून येत होत्या.

१९७५च्या सुमारास असोसिएशनचे अंतर्गत कागद बाहेर फुटू लागले. ते पुरवणाऱ्याने 'सोअर थ्रोट' असे टोपणनाव घेतले होते. वॉटरगेटमधला 'डीप थ्रोट' तेव्हा लोकांच्या तोंडी होता. १९७६मध्ये चेस्टर विल्क आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी शिकागोत दावा लावला. त्यांचा वकील जॉर्ज मॅक्अँड्र्यूज हा स्वतः आयोवातल्या कायरोप्रॅक्टरचा मुलगा. दावा चौदा वर्षे चालला. १९८१मध्ये ज्यूरीने असोसिएशनच्या बाजूने कौल दिला, १९८३मध्ये अपील कोर्टाने तो फिरवून नव्याने सुनावणी करायला सांगितले. वादींनी नुकसानभरपाईची मागणी सोडून दिली आणि फक्त मनाई हुकूम मागितला. १९८७मध्ये न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर यांनी निकाल दिला तो शर्मन कायद्याखाली, म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याखाली. धंद्यातल्या स्पर्धकावर संगनमताने टाकलेला हा बहिष्कार आहे, असे त्यांनी म्हटले. मनाई हुकूम असोसिएशनच्या स्वतःच्या जर्नलमध्ये छापावा लागला. १९९०मध्ये अपील कोर्टाने निकाल कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढे ऐकायला नकार दिला.

हा निकाल दोन्हीकडच्या लोकांनी चुकीचा वाचला आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. कायरोप्रॅक्टरांच्या व्याख्यानांत तो 'आम्ही शास्त्रीय असल्याचे कोर्टाने मान्य केले' असा येतो. तसे काही झाले नाही. कायरोप्रॅक्टिक शास्त्र आहे की नाही हे आपण ठरवत नाही, असे न्यायाधीशांनी स्पष्ट केले होते. त्या काळात भोंदूगिरीचे पुष्कळ पुरावे समितीपुढे होते, हेही त्यांनी नोंदवले. डॉक्टर मंडळी मात्र 'निव्वळ तांत्रिक निकाल' म्हणून तो झटकून टाकतात, तेही खरे नाही. कामगारांच्या पाठीच्या दुखापतींसारख्या काही बाबतींत कायरोप्रॅक्टर सरस ठरत असल्याचा पुरावाही त्याच समितीपुढे होता, हे त्याच निकालात आहे. पेशंटच्या काळजीपोटीच आम्ही हे केले, असा बचाव असोसिएशनने केला. कोर्टाचे उत्तर असे, की काळजी खरी असेल, पण ती बहिष्कारावाचून, लोकांना माहिती देऊनही करता आली असती. मला हे उत्तर आजही पटते. भोंदूगिरी उघडी पाडणे हे डॉक्टरांच्या संघटनेचे कामच आहे; पण त्यासाठी एक्सरे नाकारला की त्रास होतो तो पेशंटला.

कोर्टबाजी चालू असतानाच सरकारने एक गंमत करून ठेवली होती. ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत १९७२च्या कायद्याने कायरोप्रॅक्टिक आले, पण एकाच कामापुरते: मणक्यातले सब्लक्सेशन हाताने दुरुस्त करणे, आणि तेही एक्सरेत दिसले तर. शास्त्रज्ञांना जे सापडत नव्हते ते दिसल्याशिवाय पैसे मिळणार नव्हते. साहजिकच ते सगळ्यांना दिसू लागले. एक्सरेची अट २००० साली गेली; सब्लक्सेशन हा शब्द अजून त्या कायद्यात ठाण मांडून आहे. उद्या एखाद्या प्रामाणिक कायरोप्रॅक्टरने ठरवले की मी या सिद्धान्ताचे नाव काढणार नाही, तर मेडिकेअरचे बिल भरताना त्याला ते लिहावेच लागेल.

मग उपचाराचा उपयोग होतो की नाही? मर्यादित होतो, आणि ती मर्यादा बरीचशी ठाऊक झाली आहे. नुकत्याच भरलेल्या कमरेवर मणका हाताळण्याचा काय परिणाम होतो, याच्या २६ चाचण्या एकत्र तपासून २०१७मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्याच जर्नलमध्ये निबंध आला. ज्या जर्नलला एके काळी मनाई हुकूम छापावा लागला होता, तेच हे. वेदनेच्या शंभर गुणांच्या मापावर सरासरी दहाएक गुणांचा फरक पडतो, असे त्यात निघाले. एवढाच फरक वेदनाशामक गोळ्यांनीही पडतो. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने कंबरदुखीसाठी आधी शेक, मसाज, व्यायाम, मणक्याची हाताळणी असे उपाय करावेत, गोळ्या नंतर, अशी शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शिकेतही जुनाट कंबरदुखीच्या उपायांत हाताळणीला जागा आहे. या सगळ्यांत 'कायरोप्रॅक्टिक' या तत्त्वज्ञानाला जागा नाही, हाताच्या कौशल्याला आहे. तेच कौशल्य फिजिओथेरपिस्टकडे किंवा ऑस्टिओपाथकडेही असू शकते. दमा, लहान बाळांचे पोटदुखीचे रडणे, कानाचे विकार, रक्तदाब यांसाठी भरवशाचा पुरावा नाही. आणि तो कडकड आवाज हाड जागेवर बसल्याचा नाही. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम उतरून पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. २०१५मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटे मोडताना एमआरआय काढून हे टिपले गेले.

मानेची गोष्ट निराळी आहे आणि तिथे मी वाचकाला सावध करतो. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात आणि कवटीशी पोहोचण्यापूर्वी एक तीव्र वळण घेतात. मान झटक्याने पिळली तर धमनीचे अस्तर फाटू शकते, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात येऊ शकतो. हे क्वचित घडते. किती क्वचित, यावर वाद आहे, आणि तो वाद अडकला आहे एका पेचात: धमनी फाटू लागल्याचे पहिले लक्षण मानदुखी हेच असते, आणि मान दुखते म्हणूनच माणूस कायरोप्रॅक्टरकडे जातो. ऑन्टॅरिओतल्या २००८च्या एका अभ्यासात अशा पक्षाघाताचा संबंध कायरोप्रॅक्टरच्या भेटीशी दिसला, तसाच फॅमिली डॉक्टरच्या भेटीशीही दिसला. म्हणजे निदान काही पेशंट आधीच फाटलेली धमनी घेऊन आलेले असतात. पण अशाही पेशंटची मान पिळू नये, हे त्यातून उलट अधिकच ठळक होते.

लंडनमध्ये झालेला एक खटलाही इथे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुढे सविस्तर येईल. बाळांच्या तक्रारींवर कायरोप्रॅक्टिक गुणकारी असल्याच्या दाव्यांवर सायमन सिंग या विज्ञानलेखकाने २००८मध्ये 'गार्डियन'मध्ये टीका केली. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्याच्यावर, वर्तमानपत्राला वगळून एकट्यावर, अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. खालच्या कोर्टात सिंग हरण्याच्या बेतात होता. १ एप्रिल २०१० रोजी अपील कोर्टाने शास्त्रीय वाद कोर्टात मिटवायचे नसतात अशा अर्थाची कानउघाडणी केली आणि दोन आठवड्यांत दावा मागे घेतला गेला. त्याच वर्षी ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने, म्हणजे त्या व्यवसायाच्या नियामक संस्थेने, सब्लक्सेशन ही ऐतिहासिक संकल्पना असून ती रोगाचे कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही, असे जाहीर केले. ला क्रॉसमध्ये घातलेले चिलखत लंडनमध्ये असे अधिकृतपणे उतरवले गेले. अमेरिकेत ते अजून अनेकांच्या अंगावर आहे.

तिथेही चित्र पालटते आहे, पण एकसारखे नाही. माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांत २००४पासून कायरोप्रॅक्टर नोकरीवर आहेत. तिथे ते भूलतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट यांच्या शेजारच्या खोलीत बसतात, केसपेपर एकच असतो, आणि कमरेपलीकडचे दावे कुणी करत नाही. अफूजन्य वेदनाशामकांनी अमेरिकेत जो हाहाकार माजवला, त्यानंतर गोळीवाचून दुखणे हलके करणारा कोणीही डॉक्टरांना आता परका वाटत नाही. त्याच शहरात दुसऱ्या रस्त्यावर एखादा सोवळा कायरोप्रॅक्टर, काहीही न दुखणाऱ्या कुटुंबाला आयुष्यभराच्या 'मेंटेनन्स'चे पॅकेज विकत असतो. दोघांची पदवी एकच.

आपल्याकडे यातले कोणतेच भांडण झाले नाही. कायरोप्रॅक्टरांची वैधानिक परिषद भारतात नाही, त्यामुळे परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून तो काढूनही घेता येत नाही. अमेरिकेतून किंवा ऑस्ट्रेलियातून रीतसर चार-पाच वर्षे शिकून आलेला माणूस आणि आठवड्याच्या शिबिरातून आलेला माणूस एकाच प्रकारची पाटी लावू शकतात. केस कापून झाल्यावर मान दोन्हीकडे कडकन वळवणारा आपला न्हावीही याच कामाचा, फक्त पाटी न लावलेला, आणि त्या सवयीबद्दल मेंदूविकारतज्ज्ञ वेळोवेळी सांगत आले आहेत. तेव्हा पाटी कोणाचीही असो, पाठीला हात लावण्यापूर्वी तो काय विचारतो ते पाहावे. ताप येतो का, वजन घटले आहे का, पूर्वी कर्करोग झाला होता का, पायातली ताकद गेली आहे का, लघवीवरचा ताबा सुटला आहे का, बैठकीची जागा बधिर झाली आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल, तर त्याने हात आखडता घेऊन पेशंटला इस्पितळात पाठवले पाहिजे. आणि यांतले काहीच न विचारता तो सरळ पालथे झोपायला सांगत असेल, तर पेशंटने उठून चपला घालाव्यात.